बंद्या रुपयाची मांडणी

शंभराहून अधिक वर्षं चाललेल्या नाणेमालिकेवर लेख लिहायला घेतला की पहिला मोह होतो तो राजांच्या क्रमाने जाण्याचा. ब्रिटिश अमदानीतल्या चांदीच्या रुपयाबाबत तर हा क्रम आयताच हाती येतो. चौथा विल्यम, व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज आणि सहावा जॉर्ज. पाच चेहरे, पाच प्रकरणं, १८३५ ते १९४७. नाण्यांच्या सूच्या याच क्रमाने छापलेल्या असतात, संग्राहकांचे अल्बम याच क्रमाने लावलेले असतात, बाजारातही राणीछाप, राजाछाप अशीच बोली चालते. लिहिणाऱ्यालाही वाटतं, चला, सांगाडा तयार आहे, आता फक्त मजकूर भरायचा.

या रुपयाबद्दल लिहिताना मी हा सांगाडा पहिल्या बैठकीलाच बाजूला ठेवते. सूचीचं काम आहे हातातलं नाणं ओळखून देणं. लेखाचं काम आहे ते नाणं तसं का झालं हे सांगणं. आणि रुपया ज्या ज्या वेळी मुळापासून बदलला, त्या त्या वेळी चेहरा बहुतेक तोच होता. १८९३ मध्ये रुपयाचा सगळा अर्थ बदलला. नाण्यावर आधीही व्हिक्टोरिया होती, नंतरही व्हिक्टोरियाच. १९४० मध्ये त्यातली चांदी जवळजवळ निम्म्यावर आली. आधीही सहावा जॉर्ज, नंतरही सहावा जॉर्ज. उलट १९०१ मध्ये राणी गेली आणि १९०३ च्या रुपयावर एडवर्ड आला, तेव्हा चित्र आणि नक्षी सोडून काहीच बदललं नाही. राजांच्या क्रमाने गेलं तर ही बिनमहत्त्वाची जागा प्रकरणाची सुरुवात होते आणि ते दोन मोठे बदल कुठल्या तरी प्रकरणाच्या पोटात, सातव्या-आठव्या परिच्छेदात दडून बसतात. वाचक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे निघून जातो.

खरं तर मराठी वाचकाला हे पटवून द्यायला फार खटपट करावी लागत नाही. नाण्यावरचं नाव आणि गादीवरचा माणूस यांची फारकत आपल्याकडे जुनीच आहे. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये सुरू झालेली शिवराई शिवाजी महाराजांच्या पश्चातही पिढ्यान् पिढ्या पाडली गेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. पुढे पेशवाई आली तरी लेख तोच. पेशव्यांच्या मुलखातल्या अंकुशी रुपयावर तर नाव दिल्लीच्या मोगल बादशहाचं. शिवराईचा लेख राजांच्या क्रमाने मांडायचा म्हटलं तर तो एका प्रकरणातच संपेल. तिथे वजन, अक्षरांची वळणं, ओळींमधली दांडी, लेखातला ‘शिव’ कसा कोरलाय, यांवरूनच पुढे जावं लागतं. मग जिथे चेहरे बदलत जातात तिथे तरी आपण चेहऱ्यांना का भुलावं?

म्हणून माझी पहिली पायरी ठरलेली आहे. मालिकेत काय बदललं नाही, ते आधी शोधायचं. रुपयाच्या बाबतीत उत्तर तराजूच देतो. १८३५ च्या कायद्याने वजन ठरलं १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, आणि तेच वजन म्हणजे एक तोळा. झिजलेलं नाणं सोडलं तर विल्यमचा रुपया, राणीचा रुपया, पाचव्या जॉर्जचा रुपया, कुठलाही काट्यावर ठेवा, काटा तिथेच येतो. १९४० नंतरचा हिणकस चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा. १९४७ चा, चांदीचा कणही नसलेला निकेलचा रुपयासुद्धा ११.६६ ग्रॅमचाच. राजे गेले, कंपनी गेली, चांदी गेली, वजन राहिलं. गावोगावच्या दुकानात रुपयाच वजन म्हणून पारड्यात पडत असे. ८० रुपये म्हणजे सरकारी पक्का शेर. लोकांच्या हाताला सवय झालेलं हे वजन बदलणं कुठल्याही सरकारला परवडणारं नव्हतं.

जे टिकलं ते हाती लागलं, की लेखाला कणा मिळतो. आता प्रश्न राहतो तो प्रकरणं कुठे पाडायची याचा. माझा नियम असा: ज्या ठिकाणी नाण्यात काही तरी तुटलं किंवा सांधलं गेलं, त्या ठिकाणी नवं प्रकरण. तो बदल आधी नाण्यावर किंवा नाण्याच्या व्यवहारात दाखवायचा, मग त्याचं कारण. कारण आधी सांगितलं तर लेख अर्थशास्त्राचा होतो आणि नाणी शोभेपुरती उरतात. नाणं आधी ठेवलं की वाचक स्वतःच विचारतो, असं का झालं? हा प्रश्न त्याच्या तोंडून यावा यासाठीच सगळी मांडणी करायची.

पहिला सांधा अर्थातच १८३५. इथे मी मालिकेच्या पहिल्या नाण्यापासून सुरुवात करत नाही, त्याच्या आदल्या दिवसापासून करते. त्या काळी बाजारात किती तऱ्हेचे रुपये होते! सुरती, फरुखाबादी, चांदवडी, अंकुशी, शिवाय संस्थानांचे आपापले. कंपनीसुद्धा आपल्या टांकसाळींत मोगल बादशहा शाहआलमच्या नावानेच रुपये पाडत होती, आणि काही ठिकाणी तर वर्षानुवर्षं एकच जुलूस साल, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासून मोजलेलं साल, कोरत होती. एका मुलखातला रुपया दुसरीकडे नेला की सराफ तो वाजवणार, घासणार, छोटासा ठोसा मारून पारखणार आणि बट्टा कापणार. हा बट्टा समजावून दिला नाही तर १८३५ च्या रुपयाचं नवेपण वाचकाला कळतच नाही. १ सप्टेंबर १८३५ पासून कंपनीच्या सगळ्या मुलखात एकाच वजनाचा, एकाच कसाचा, यंत्रावर पाडलेला रुपया कायदेशीर झाला. बारा भागांत अकरा भाग चांदी. पुढच्या बाजूला चौथ्या विल्यमचा चेहरा, मागे वेलीच्या वेढ्यात इंग्रजीत आणि फार्सीत ‘एक रुपया’, भोवती ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि साल. दातेरी कड असल्याने किनार कातरून चांदी चोरणं अवघड झालं. बादशहाचं नाव गेलं ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात मोठी. पण व्यापाऱ्याच्या दृष्टीने बट्टा गेला ही त्याहून मोठी. लेखात या दोन्ही गोष्टी याच क्रमाने यायला हव्यात असं मला वाटतं.

दुसऱ्या प्रकरणाचा विषय तारीख. या मालिकेत सगळ्यात जास्त घोळ तारखांनी घातलेला आहे, आणि लेखकाने तो सुरुवातीलाच सोडवून दिला नाही तर पुढचं सगळं वाचन डळमळीत होतं. विल्यम १८३७ मध्ये वारला, पण त्याच्या चेहऱ्याचे, १८३५ सालाचे रुपये १८४० पर्यंत पडत राहिले. व्हिक्टोरियाचा पहिला रुपया १८४० चा. पण ‘१८४०’ हे साल पुढे वीसहून अधिक वर्षं नाण्यावर गोठून राहिलं. मधल्या काळात फक्त लेखाची ठेवण बदलली: आधी ‘व्हिक्टोरिया क्वीन’ ही अक्षरं डोक्यावरून सलग फिरत होती, १८५० च्या सुमारास ती चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. १८५८ मध्ये कंपनीचं राज्य संपलं, राणीचा जाहीरनामा निघाला, पण टांकसाळीतून कंपनीच्याच नावाचे रुपये १८६२ पर्यंत बाहेर येत होते. एवढं सांगितलं की घरातला १८४० चा रुपया १८५७ च्या उठावाच्या आधीचाच असणार ही समजूत गळून पडते.

मग १८६२ आलं. कंपनीचं नाव गेलं, ‘इंडिया’ आलं, नक्षी फुलापानांची झाली, आणि साल पुन्हा गोठलं. १८६२ हा आकडा १८७४ पर्यंत तसाच. इथे मी लेखाची गती मुद्दाम मंद करते आणि वाचकाला भिंगाखाली एकच नाणं दाखवते. मुंबई टांकसाळीचा १८६२ चा रुपया घ्या. मागची बाजू वर करा. मधोमध ‘वन रुपी इंडिया १८६२’, भोवती फुलवेल. आता खाली, आकड्यांच्या बुडाशी बघा. उजेड तिरपा पाडला तर टाचणीच्या टोकाएवढे उठावाचे ठिपके दिसतात. कधी वरच्या फुलाजवळही. कुठल्या नाण्यावर एक, कुठल्यावर दोन, कुठल्यावर त्याहून जास्त. अनेक नाणी शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी या ठिपक्यांवरून नाण्यांचा वर्षक्रम लावला. आकडा १८६२ वरच अडकलेला; खरं साल त्याच्या पायाशी ठिपक्यांत नोंदलेलं. फ्रेड प्रिडमोरसारख्या अभ्यासकांनी या मालिकेची जी काटेकोर वर्गवारी केली, तिच्यामुळे अशा बारकाव्यांना आज शिस्त आहे. पण सर्वसाधारण वाचकासाठी मी ठिपक्यांचे सगळे प्रकार देत नाही. एक नाणं नीट दाखवलं की पुरे. उरलेले तो स्वतः शोधतो, आणि शोधताना त्याला जो आनंद होतो तो माझ्या यादीने त्याला मिळणार नसतो.

या प्रकरणाला जोडून मी एक छोटा तक्ता देते. त्यात दोन स्तंभ महत्त्वाचे: ‘नाण्यावरचं साल’ आणि ‘प्रत्यक्ष पाडल्याचा काळ’. १८३५ समोर १८३५ ते १८४०. १८४० समोर १८४० ते १८६२. १८६२ समोर १८६२ ते १८७४. त्यानंतर दोन्ही स्तंभ साधारण जुळत जातात. हा तक्ता मी सगळ्यात शेवटी तयार करते, पण छापताना तो लेखाच्या पहिल्या पानावर असावा असा आग्रह धरते. लेख पूर्ण झाल्याशिवाय तक्त्यात काय ठेवायचं आणि काय वगळायचं ते कळत नाही. आणि तक्ता समोर असल्याशिवाय वाचकाला लेखात पाय रोवता येत नाही.

१८७७ ला मी स्वतंत्र प्रकरण देत नाही. दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि नाण्यावर ‘क्वीन’च्या जागी ‘एम्प्रेस’ आलं. राजकारणात ही मोठी घटना. नाण्यात एका शब्दाची. वजन तेच, कस तोच, चेहऱ्याची घडणही तीच. अशा जागा एका परिच्छेदात सांगून पुढे जावं. लांब मालिकेवर लिहिणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती हीच काटछाट. ज्याची माहिती भरपूर मिळते त्यावर भरपूर लिहिलं जातं, मग ते महत्त्वाचं असो वा नसो.

खरा मोठा सांधा १८९३ चा आहे, आणि तो नाण्यावर कुठेच दिसत नाही. म्हणूनच तो मांडायला सगळ्यात कठीण. त्याआधी कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावं, ठरलेलं शुल्क भरावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. म्हणजे रुपयाची किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत यांचं नातं सरळ होतं. १८७० नंतर जर्मनीसारख्या देशांनी चांदीची नाणी मोडीत काढली, अमेरिकेच्या खाणींतून चांदीचा पूर आला आणि चांदीचा भाव घसरत गेला. पूर्वी दोन शिलिंगांच्या आसपास असलेला रुपया बराच खाली आला. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनला सोन्याच्या हिशोबात मोठ्या रकमा पाठवाव्या लागत. रुपया उतरला की तेवढ्याच देण्यासाठी जास्त रुपये लागायचे. शेवटी हर्शेल समितीच्या शिफारशीनंतर जून १८९३ मध्ये टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद झाल्या. त्या दिवसापासून रुपया चांदीचा असूनही चांदीच्या मोलाचा राहिला नाही. त्याची किंमत सरकारच्या शब्दावर उभी राहिली, आणि पुढे ती एक शिलिंग चार पेन्सवर स्थिरावली.

लेखात हे कसं दाखवायचं? मी १८९२ आणि १८९७ चे दोन रुपये शेजारी शेजारी छापते. दोघांवर तीच राणी, तीच नक्षी, तेच वजन. वाचक दोन्हींत फरक शोधतो आणि त्याला फक्त साल वेगळं सापडतं. त्यानंतर मी सांगते की पहिला रुपया वितळवला असता तर जवळजवळ एक रुपया हातात राहिला असता अशी कल्पना ज्या व्यवस्थेवर उभी होती ती मोडकळीला आली होती, आणि दुसरा रुपया ज्या काळात पडला त्या काळात ती कल्पनाच कायद्याने संपवलेली होती. नाण्यात न दिसणारा बदल दाखवण्यासाठी दोन सारखी नाणी हाच मला सापडलेला उत्तम पुरावा आहे. जुळ्या भावांचं आयुष्य वेगळं झालेलं सांगायचं तर दोघांना शेजारीच बसवावं लागतं.

चौथं प्रकरण मी चांदीच्या टंचाईचं करते, आणि ते पहिल्या महायुद्धापासून सुरू होतं. पण त्याआधी १९११ च्या रुपयाचा मोह आवरावा लागतो. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या अंगावरील झग्यावर हत्तीचं चिन्ह होतं. सोंड आणि पाय इतके आखूड कोरले गेले की तो हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली, मुसलमान समाजात नाराजी पसरली, नाणी थांबवली गेली आणि १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट दिसेल असं चित्र आलं. संग्राहक या नाण्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. गोष्ट रंजक आहे, वाचकाला आवडते, आणि म्हणूनच ती लेख गिळून टाकते. मी तिला चौकटीत ठेवते, दोन्ही सालांची हत्तीची चित्रं मोठी करून. मुख्य मजकुराला त्या वेळी वेगळं काम आहे.

युद्धात चांदीची मागणी वाढली, भाव चढला. लोक रुपये साठवू लागले. सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली आणि तिच्यावर त्याच सालच्या रुपयाचं चित्र छापलं, लोकांना कागदावरही ओळखीचा चेहरा दिसावा म्हणून. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायद्यानुसार आपल्या साठ्यातली चांदीची नाणी वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. म्हणून १९१७ ते १९२० चे रुपये आजही घरोघरी सापडतात. आजीच्या पेटीतला रुपया बहुधा याच वर्षांतला असतो. १९१८ चा रुपया इतका मुबलक का, हा प्रश्न बाजारात नेहमी विचारला जातो. उत्तर चांदीच्या व्यवहारात आहे. इथे नाणं आणि कारण दोन्ही वाचकाच्या हातात एकाच वेळी येतात, आणि माझ्या मते लेखाचा हा सगळ्यात समाधान देणारा भाग असतो.

याच ठिकाणी आणखी एक निर्णय घ्यावा लागतो: अधेली, पावली, चवली यांचं काय करायचं? रुपयाची ही भावंडं सोबत घ्यावीत असं वाटतं. पण चांदी टंचाईत गेली तेव्हा त्यांची वाट वेगळी झाली. १९१८ मध्ये दोन आणे आणि १९१९ मध्ये चार व आठ आणे तांबे-निकेलच्या मिश्रणाचे निघाले, पण रुपया चांदीचाच राहिला. ज्यांची धातूची वाट वेगळी, त्यांना मी स्वतंत्र लेख देते. लांब मालिकेच्या लेखात ‘सगळं घेऊन जाऊ’ हा उदारपणा वाचकाला थकवतो.

पाचवं प्रकरण १९४० चं. १९३९ चा चांदीचा रुपया अतिशय दुर्मीळ आहे आणि त्याच्या बनावट प्रती खूप आहेत, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख हवा. पण प्रकरणाची सुरुवात मी कडेने करते. सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया आणि १९४२ चा रुपया घ्या आणि दोन्ही कडा बोटाच्या टोकावर फिरवा. पहिल्याची कड सलग दात्यांची. दुसऱ्याच्या दात्यांच्या मधोमध एक बारीक खाच सगळ्या कडेने फिरते. नखाला ती लगेच जाणवते. ही सुरक्षा कड १९४० मध्ये आली. नाण्यात चांदी आता अर्धीच होती. उरलेलं तांबं, निकेल आणि जस्त. ही मिश्र चांदी नव्या नाण्यात रंगाने ओळखू येत नाही, वापरून वापरून पिवळट झाल्यावर कळते. जुन्या रुपयाची खणखण तिच्यात येत नाही. त्यामुळे या प्रकरणात नखाला आणि कानाला डोळ्यांइतकंच काम मिळतं. वाचकाने नाणं हातात घ्यावं हीच त्या परिच्छेदाची धडपड असते.

आणि गंमत अशी की इथेच, मालिकेच्या अखेरीला, राजांचा क्रम परत येतो आणि या वेळी त्याला खरं कारण असतं. जुने, जास्त चांदीचे रुपये सरकारने चलनातून काढले ते चेहरा पाहून. राणीचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये, आणि जॉर्ज पाचवा व सहावा यांचे जुन्या कसाचे १९४३ मध्ये. लोकांना धातूचा कस तपासायला सांगता येत नाही. चेहरा तपासायला सांगता येतो. म्हणून या एका ठिकाणी मी चेहऱ्यांच्या क्रमाने यादी देते. ज्या मांडणीला मी सुरुवातीला बाजूला ठेवलं, तिला तिची जागा इथे मिळते. लेखाने कुठलाही क्रम आंधळेपणाने मान्य करू नये तसाच तो आंधळेपणाने टाकूही नये.

टांकसाळींची गोष्ट मी मुख्य ओघात विणून घेते, वेगळं प्रकरण करत नाही. कलकत्ता आणि मुंबई या दोन टांकसाळींच्या खुणा, मुंबईचा ठिपका किंवा हिऱ्याच्या आकाराची बारीक खूण, युद्धकाळात सुरू झालेल्या लाहोर टांकसाळीचं ‘एल’ हे अक्षर, हे सगळं त्या त्या काळाच्या प्रकरणात आलं की वाचकाच्या लक्षात राहतं. मुंबईच्या फोर्टमधली टांकसाळ बऱ्याच मराठी वाचकांनी बाहेरून पाहिलेली असते. तिथे पडलेला रुपया आपल्या घरात आहे हे कळलं की त्यांचं नाणं एकदम जवळचं होतं. टांकसाळीच्या अधिकाऱ्यांच्या आद्याक्षरांसारखे बारकावे, विल्यमच्या मानेच्या कापलेल्या भागावरचं फोर्ब्सचं ‘एफ’ किंवा सॉन्डर्सचं ‘आर. एस.’, व्हिक्टोरियाच्या चेहऱ्याजवळचं विल्यम वायनचं ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’, हे मी शेवटच्या चौकटीत ठेवते. ज्याला हवं तो तिथे थांबेल. ज्याला नको त्याला ते अडवणार नाही.

मालिकेच्या कुंपणाबाहेर गेलेल्या नाण्यांनाही एक जागा हवी. गोव्यात १८८१ चा रुपया पोर्तुगालचा राजा लुईश पहिला याच्या चेहऱ्याचा, पण पाडलेला कलकत्त्यात, वजन आणि कस ब्रिटिश रुपयाचाच. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहामुळे तो निघाला. जर्मन पूर्व आफ्रिकेतला ‘रुपी’सुद्धा त्याच वजनाचा. अलवर, बिकानेर यांसारख्या संस्थानांनी आपल्या नावाचे पण राणीच्या चेहऱ्याचे रुपये पाडून घेतले. ही नाणी राजांच्या क्रमात कुठेच बसत नाहीत. वजनाच्या कण्यावर मात्र ती अलगद बसतात, आणि हा कणा निवडल्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो. चांगली मांडणी तीच, जी आपण विचारात न घेतलेल्या नाण्यालाही जागा करून देते.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक ठरावीक वाचक असतो. त्याच्याकडे नाण्यांचा संग्रह नाही. त्याच्या घरी एकच रुपया आहे, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ताटात मांडला जाणारा, कधी तरी आजोबांनी सांगितलेल्या गोष्टीसह. त्याला पहिल्या पानापासून लेख वाचण्याची सवड नसेल. त्याने आपलं नाणं घेऊन कुठूनही आत यावं आणि मग पुढे-मागे वाचत जावं, अशी सोय हवी. म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला मी एका ओळीत त्या काळच्या नाण्याची ओळख देते: पुढे काय, मागे काय, कड कशी, साल कोणतं. मधल्या प्रकरणातून शिरलेल्या माणसालाही आधीचं न वाचता समजेल असं प्रत्येक प्रकरण स्वतःपुरतं पूर्ण करते. एखादी गोष्ट थोडक्यात पुन्हा सांगावी लागली तरी हरकत नाही.

उरतो लेखाचा शेवट. तो १९४७ ला करावा असं बहुतेकांना वाटतं. निकेलचा, वाघाचा रुपया, सत्तांतराचं वर्ष. शेवटासाठी याहून सोयीचं काय असणार? मी तरीही १९५० पर्यंत जाते. प्रजासत्ताकाचा पहिला रुपया १९५० चा. एका बाजूला अशोकस्तंभाचे सिंह, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या लोंब्या. धातू निकेल, आणि वजन पुन्हा ११.६६ ग्रॅम. स्वतंत्र देशाने राजाचा चेहरा काढला, पण लोकांच्या हातात रुळलेलं वजन तसंच ठेवलं. ते पुढे साठीच्या दशकात बदललं. माझा लेख वजनाच्या कण्यावर उभा असेल तर त्याने १९४७ ला थांबणं त्या कण्याशी प्रतारणा ठरेल. मालिकेचा शेवट कुठे करायचा हे गादीवरचा बदल ठरवत नाही. ज्या धाग्यावर आपण सगळी नाणी ओवली तो धागा जिथे तुटतो, तिथे लेख थांबतो. एवढं ठरलं की बाकीच्या निवडी सोप्या होतात. पुढच्या मालिकेवर, मग ती शिवराई असो की आपल्या काळातलं रुपयाचं छोटंसं पोलादी नाणं असो, लिहायला बसणाऱ्याने सूची उघडण्याआधी तराजू काढावा, नाणी ओळीने मांडावीत आणि बराच वेळ पाहत बसावं: यात काय टिकलं, आणि कुठे तुटलं.